डावं तोंड

सहा महिने मृदंगमला हात लावू दिला नाही.
मांडीवर नुसती टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट,
टाळी, पालथा हात उताणा,
टाळी, पालथा हात उताणा.
आठ. परत आठ.
रेल्वे क्वार्टरचा ओटा, समोर मालगाडी उभी,
तिचे डबे मोजले की मार.
म्हणजे मार नाही, सूर्यप्रकाशम सर मारत नसत,
"लय सांडली, अम्मा," एवढंच म्हणत
आणि सांडलेली मलाच पुसायला लावत.

पौषापासून सगळं धर्माबाद शिंकतं.
आई आडतीवर मिरचीचे देठ खुडते, किलोवर पैसे.
शाळा नसली की मीही.
बोटांची आग उशाखाली ठेवून निजले
तरी ती जागीच.
तिखट हातानं चामडं शिवायचं नाही, सर म्हणाले,
आणि आतून दह्याची वाटी आणली.
दहा बोटं दह्यात बुडवून बसलेली मी,
आणि समोर ते स्वतः पहिल्यांदा वाजवून दाखवत होते:
त धि तोम् नम्.
त धि तोम् नम्.

रोज सुरुवातीला नावं घ्यायची.
सरांचे गुरू लक्ष्मीपती, राजमंड्रीच्या खाली नदीतल्या बेटावरचे,
त्यांचे गुरू अय्यन्ना,
त्यांच्यामागे नुसतं 'पेद्दायन', म्हणजे थोरला माणूस,
ज्याचं नाव कुठल्यातरी पुरात गेलं.
प्रत्येक नावाला सर कानाची पाळी धरत.
मी भूगोलाच्या नकाशात पाहिलं,
आपलीच गोदावरी तिथं समुद्रात उतरते.
पाणी इथून खाली गेलं
आणि बोल तिथून वर आले,
बदलीच्या ऑर्डरीवर, ट्रंकेत,
दोन चादरींमध्ये गुंडाळून.

वैशाखात, दुपारी, कुणी हात लावला नसताना
डावं तोंड फाटलं.
"राजमंड्रीला पाठवायचं. दोन महिने लागतात."
मी विचारलं, तिथं चामडं कोण चढवतं?
त्याचं नाव काय?
सर थांबले.
वीस वर्षं ते त्याच्या दारात उभे राहिले होते.
"असेल की काहीतरी," म्हणाले.
"आम्ही नुसतं अरे म्हणत होतो."

मृदंगम सायकलच्या कॅरिअरला बांधला, उमरी रोडला गेले.
पिराजीकाका हलग्या मढवतात.
त्यांनी फणसाच्या पोकळ खोडात डोकं घालून वास घेतला.
"लई लांबचं लाकूड हाय, पोरी."
कातडं तीन दिवस भिजलं.
वादी ओढताना त्यांच्या मानेची शीर
दुसऱ्या वादीसारखी ताठ झाली.
पैशाचं विचारलं तर म्हणाले,
आधी बोलू दे त्याला.

ओल्या रव्याची टिकली लावली,
रवा आमच्याच घरचा, उपम्याच्या डब्यातला.
तोम् आला तो जरा भरडा,
जत्रेतून थेट चालत आलेल्या माणसासारखा.
सर काही बोलले नाहीत.
रवा खरवडून चिमण्यांना टाकायचा असतो,
तेही विसरले. रात्रभर मुंग्या.

दुसऱ्या दिवशी नावं.
पेद्दायन, अय्यन्ना, लक्ष्मीपती, सूर्यप्रकाशम,
आणि श्वास न घेता मी म्हटलं
पिराजी सटवाजी,
आणि कानाची पाळी धरली.
बोटाला कालचं तिखट होतं, कान पेटला.

सरांचा हात मांडीवर चालूच होता.
टाळी, करंगळी, अनामिका, मधलं,
टाळी, उताणा, टाळी,
आणि शेवटचा उताणा हात
आठ संपून गेले तरी तसाच राहिला,
उघडा.

समोरची मालगाडी हलली.
लय सांडली होती.
मी काही बोलले नाही.